माझ्या मुलीचे टक्के

दवाखान्यात मानसोपचार विभागाच्या बाहेर एक लांब बाक आहे. महिन्यातल्या एका मंगळवारी मी आणि माझी मुलगी त्या बाकावर असतो. सात वर्षं झाली. माझं अक्षर वळणदार आहे आणि पर्समध्ये कायम दोन पेनं असतात, म्हणून आजूबाजूच्या बायका त्यांचे केसपेपर नि अर्ज माझ्याकडं सरकवतात. "बाई, तेवढं भरून द्या की." मी भरून देते. हायस्कूलला तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, फॉर्म भरणं हातचं काम आहे.

दोन-तीन महिने ओळख मुरली की प्रत्येक आई मला एकच विचारते. "तुमच्या पोरीला कितपत फरक हाय?" मी म्हणायचे, "आहे, सुधारणा आहे." ते खोटं होतं. त्या बायकांसाठी हे लिहितेय. यात बरं झाल्याची हकिगत नाही. तशी हवी असेल तर इथंच थांबलेलं चांगलं.

आमच्या घरातलं माप

मी मूळची चंदगड तालुक्यातली. आई-वडील दुसऱ्याच्या भातात राबायचे. आमच्या वस्तीत दहावी पास झालेली पहिली मुलगी मी, चोपन्न टक्के. पुढं कोल्हापुरात राहून बी.ए. केलं, बी.एड. केलं. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेलं माणूस मीच पहिली. पदवीचं सर्टिफिकेट काचेत मढवून भिंतीला लावलंय, ते अजून तिथंच आहे. मला त्याचा गर्व आहे. आजही आहे.

लग्न झालं ते एसटीच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकशी. आमचे मिस्टर दहावी नापास, पण माणूस शहाणा. दोन मुलं झाली. थोरला इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. धाकटी संघमित्रा. घरात आम्ही तिला मित्रा म्हणतो. दहावीला एक्क्याण्णव, बारावीला अठ्ठ्याऐंशी, एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. पाहुणं दारात आलं की चहाच्या आधी मी टक्के सांगायचे. मिस्टर म्हणायचे, "अगं, त्यास्नी पाणी तरी दे आधी."

पुण्याजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली तेव्हा मी आईला फोन केला. आई म्हणाली, "म्हंजे पोरगी औशीद करणार?" मी म्हटलं, "हो, करणार."

वेळापत्रक

सव्विसाव्या वर्षी मित्रा एक बॅग घेऊन घरी आली. सुट्टी नव्हती, सण नव्हता. म्हणाली, "तिथं सगळी माझ्याबद्दल बोलत्यात. माझी रीडिंगं बदलून ठेवत्यात." मला वाटलं, असेल. आपल्या मुलीच्या हुशारीवर लोक जळतात, हे मला पटायला वेळ लागला नाही.

महिन्याभरात शेजारीही तिच्याबद्दल बोलायला लागले. कानात कापूस घालून बसायची. जेवणाचं ताट घेऊन खोलीत जायची आणि ते तसंच बाहेर यायचं.

माझी नणंद गगनबावड्याला असते. ती येऊन बघून गेली आणि स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "वैनी, ह्ये बाहेरचं वाटतंय. आमच्याकडं एकजण बघतोय. एकदा नेऊया की."

मी तिला तिथंच थांबवलं. आमच्या आज्यानं देव सोडून धम्म घेतला, त्यानंतर या घराण्यात कुणी अंगारा आणला नाही. मी आणणार नव्हते. नणंद रागावून गेली. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला.

आणि मग मी काय केलं ते सांगते. पुठ्ठ्यावर वेळापत्रक आखलं. तांबड्या आणि निळ्या शाईत. पाच वाजता उठणे. साडेपाच ते सात, चालू घडामोडी. आठ ते दहा, राज्यघटना. स्पर्धा परीक्षेचा क्लास लावला. पोरगी रिकामी आहे म्हणून डोक्यात नको ते येतं, पुस्तकात बसली की जाईल, अशी माझी समजूत. मला अभ्यासानं वर काढलं होतं. त्या वस्तीतून, त्या चिखलातून. तो तिलाही काढेल, यात मला शंकाच नव्हती. वेळापत्रक तिच्या भिंतीवर लावून मी रोज संध्याकाळी तिची तोंडी परीक्षा घ्यायचे. कलम अमुक, समिती तमुक. ती कानात कापूस ठेवून बरोबर उत्तरं द्यायची. उत्तरं बरोबर येतात म्हणजे डोकं ठीक आहे, असं मी मिस्टरांना सांगत होते.

दोन वर्षं असं चाललं. अंगाऱ्यानं दोन वर्षं गेली असती तर मी नणंदेला आयुष्यभर बोलले असते.

हॉल तिकीट

ज्या दिवशी आजाराचं नाव कळलं त्या दिवशी तिची परीक्षा होती. अकरा वाजता केंद्रावरून फोन आला. मित्रा पेपर अर्धा टाकून उठली होती आणि पर्यवेक्षकांना हात जोडून विनवत होती की माझी उत्तरं मोठ्यानं वाचू नका. कुणीही काही वाचत नव्हतं.

मिस्टर वर्कशॉपमधून तेलकट कपड्यांतच आले. आम्ही तिला परीक्षेच्या केंद्रावरून सरळ दवाखान्यात नेलं. रिक्षात तिच्या हातात हॉल तिकीट होतं, ते तिनं सोडलं नाही.

डॉक्टरांनी तिच्याशी तासभर बोलून आम्हाला आत घेतलं. "हे किती दिवसांपासून आहे?"

"दोन महिने," मी म्हटलं.

"दोन वर्षं," मिस्टर म्हणाले.

डॉक्टरांनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग आजाराचं नाव सांगितलं. स्किझोफ्रेनिया. मी पर्समधून पेन काढून स्पेलिंग विचारलं. का विचारलं, ठाऊक नाही. इतक्या वर्षांची शिक्षकी सवय, नवीन शब्द आला की लिहून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, औषधं बरीच वर्षं, बहुधा कायम. लवकर आणली असती तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले नाहीत. मीच म्हणाले.

बाहेर मिस्टर भिंतीला टेकून उभे होते. मोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. "तू तिला घरात घेतलीस न्हाय," ते म्हणाले. "वर्गात घेतलीस."



वॉर्ड

पहिल्यांदा तिला तीन आठवडे दाखल केलं. पेशंटजवळ एक बाईमाणूस चोवीस तास लागतं, म्हणून मी रजा टाकून राहिले. सकाळी सहाला दिवे लागायचे. नर्स गोळ्या घेऊन यायची, गोळी दिली की "जीभ वर कर, गाल दाखव," म्हणायची. केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास मिळवलेली माझी मुलगी तोंड उघडून गाल दाखवायची. पहिल्या दिवशी मी खिडकीकडं तोंड फिरवलं. चौथ्या दिवसापासून नर्सच्या आधी मीच म्हणायला लागले, "गाल दाखव."

शेजारच्या खाटेवर एका पोरीची आई होती, हातकणंगले भागातली, जैन. चार वेळा येऊन गेलेली, सगळं माहीत असलेली. तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं, "ताई, चप्पल उशाला ठेवा, चोरीला जातीय. आणि डॉक्टरला 'कधी बरी होणार' विचारू नका. ते बी माणूस हाय, कायतरी सांगून मोकळं हुतंय, आन् आपण ते धरून बसतो." तिच्या डब्यातली भाकरी मी एकवीस दिवस खाल्ली. तिच्या पोरीला घरी सोडलं त्या दिवशी ती म्हणाली, "परत भेटू नये आपण." पुढच्या वर्षी भेटलो.

नवव्या दिवशी मित्रानं विचारलं, "बाबा जेवलं काय?" दोन वर्षांत तिनं दुसऱ्या कुणाबद्दल विचारलेली ती पहिली गोष्ट. मी मिस्टरांना फोन केला. ते जेवले नव्हते, पण म्हणाले, "जेवलो म्हणून सांग."

आवाज कमी झाले. पण आवाजांबरोबर बाकीचंही गेलं. पूर्वी ती हसायची तेव्हा शेजारच्या घरात ऐकू जायचं, ते गेलं. हट्ट गेला. वजन वाढलं, हात थरथरायला लागले. बसली तिथं बसून राहायला लागली. सगळे म्हणतात, गोळ्या घेते म्हणजे झालं. गोळ्यांनी मुलगी शांत होते. ती परत येत नाही. निदान आमची तरी आली नाही.

भोंगा

आम्ही कसबा बावड्यात राहतो. साखर कारखान्याचा भोंगा आमच्या घरात रोज ऐकू येतो. वॉर्डातून घरी आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी भोंगा वाजला तशी मित्रा दचकून माझ्याकडं आली.

"आई, ह्यो तुला आला ऐकू?"

"आला की."

"खरा हाय?"

"खरा आहे. कारखान्याचा आहे."

तिनं मान हलवली आणि परत जाऊन बसली. तेव्हापासून रोज विचारते. मी भाजी चिरत असले, न्हाणीत असले, तरी ओरडून सांगते, "खरा आहे." मिस्टरही सांगतात. तिच्या डोक्यात दिवसभर काय काय वाजत असतं, त्यात ही एक गोष्ट आम्हा तिघांना मिळून ऐकू येते.

पाहुणे

थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना त्यानं सांगितलं की बहीण बाहेरगावी नोकरीला आहे. मला आधी विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. त्याचे सासू-सासरे कोल्हापूरला आले की त्याआधी दोन दिवस आम्ही मित्राला गगनबावड्याला आत्याकडं पोचवायचो. जिला मी अंगाऱ्यावरून बोलले होते, तीच नणंद. एकदाही नाही म्हणाली नाही. पावसाळ्यात तिथं चार-चार दिवस ऊन दिसत नाही. मित्रा तिथं घोंगडं घेऊन पडून असायची.

मित्रा बॅग भरताना कधी काही बोलली नाही. मी धरून चालले होते की तिला कारण कळत नसावं.

पस्तीस

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा दवाखान्यातल्या समाजसेविकेनं मला विचारलं, "बाई, तुमच्यानंतर हिचं काय?"

मी म्हटलं, "भाऊ आहे."

तिनं खुर्ची माझ्याकडं ओढली. मग समजावून सांगितलं. मी गेले तर माझी फॅमिली पेन्शन मिस्टरांना. मिस्टरांनंतर, मुलगी स्वतः कमवू शकत नाही हे कागदावर असेल, तर तिला जन्मभर. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मानसिक आजारालाही मिळतं. डॉक्टर तपासून टक्के ठरवतात. चाळीस किंवा वर पाहिजेत.

अपंगत्व हा शब्द ऐकून मी तीन महिने अर्ज केला नाही. ज्या भिंतीवर माझी पदवी आहे त्या घरात हा कागद आणायचा, हे मला सोसवत नव्हतं. शेवटी मिस्टर म्हणाले, "भिंतीवर लावू नकोस. कपाटात ठेव. पर आण."

तपासणीची तारीख मिळाली. पुढचं लिहायला मला अवघड जातंय, पण बाकावरच्या बायकांनी नेमकं हेच वाचावं.

मी तिला तयार केलं. शाळेची तपासणी असली की आम्ही वर्ग सजवायचो, फळा धुवायचो, मुलांकडून उत्तरं पाठ करून घ्यायचो. माझ्या अंगात तेच भिनलेलं. आदल्या दिवशी मित्राला डोक्यावरून न्हाऊ घातलं, नखं कापली. इस्त्रीचा निळा ड्रेस काढला. समाजसेविकेनं सांगितलं होतं की चार गोष्टी बघतात, स्वतःचं स्वतः आवरता येतं का, माणसांत मिसळते का, बोलणं कसं आहे आणि काम जमतं का. मी चारीवर उत्तरं तयार करून घेतली. साहेबांनी विचारलं, दिवसभर काय करतेस, तर काय सांगायचं? "आईला घरकामात मदत करते, वाचन करते." पुन्हा म्हण. नीट बघून बोल. मान खाली घालू नकोस.

असं का केलं? मला स्वतःला विचारून विचारून मी दमले. टक्के जास्त पडायला हवे होते, आणि टक्के जास्त पडणं म्हणजे मुलगी जास्त वाईट असणं. हे मला पाठ होतं. तरी माझा हात तिच्या वेणीकडं गेला. परक्या माणसापुढं माझी मुलगी गबाळी बसलेली मला बघवणार नव्हती.

आत मित्रा पाठ केल्यासारखी बोलली. एकही अडखळ नाही. डॉक्टर म्हणाले, "छान." त्यांनी मला विचारलं तेव्हा मीही म्हणून गेले, "तशी गुणी आहे हो."

कागद आला. पस्तीस टक्के.

शाळेत पस्तीसला पास करतात. माझ्या हातून किती पोरं पस्तीसवर ढकलली गेली असतील. इथं माझी मुलगी पस्तीसला नापास झाली, आणि तिला नापास करणारी मी होते. मिस्टरांनी कागद वाचला, घडी घातली, आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "आगं, पेपर सोपा हुता गं. नुसतं खरं सांगायचं हुतं."

साठ

पुन्हा अर्ज करता येतो, पण लगेच नाही. मधल्या काळात मित्रा गोळ्या तोंडात धरून नंतर थुंकायला लागली. मी गाल बघायचं सोडलं होतं, कारण मला वाटलं, आता मोठी आहे, किती अपमान करायचा. सहा आठवड्यांत आवाज परत आले. चहात काही घातलंय म्हणून तिनं गरम चहा वडिलांच्या अंगावर टाकला. मानेला फोड आले. पुन्हा वॉर्ड, पुन्हा जीभ वर कर.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी समाजसेविका म्हणाली, "बाई, ह्या खेपेला तिला तयार करू नका. आणि तुम्हीही तयारी करून येऊ नका."

मित्रा आली ती तीन दिवस अंगावर असलेल्या गाऊनवर ओढणी घेऊन. बसमधली एक बाई तिच्यापासून सरकून बसली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

डॉक्टर नवे होते, तरुण. त्यांनी आधी मित्राला विचारलं. "बरं हाय," एवढंच ती म्हणाली. मग माझ्याकडं वळले.

मी म्हटलं, "हिला जरा बाहेर बसवू का?"

"तिच्याबद्दलच आहे ना," ते म्हणाले. "असू दे तिला."

मग मी सांगायला लागले. आधी नीट, व्याकरणात. दोन वाक्यांनंतर ते जमेना. म्हटलं, आंघोळीला चार-चारदा सांगावं लागतं, पाणी काढून द्यावं लागतं. डोकं मीच धुते. पाळीचं मीच बघते. दुकानात दुधाला पाठवली तर रिकाम्या हातानं येते, दुकानदार मनातल्या मनात शिव्या देतो म्हणते. ताटातलं मी आधी खाऊन दाखवल्याशिवाय घास घेत नाही. एक मैत्रीण नाही. फोन नाही. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असते. एम.एस्सी. आहे, पण आता पंधरा मिनिटं वर्तमानपत्र धरवत नाही. वडिलांना भाजलं.

मित्रा माझ्या शेजारी आपल्या बोटांकडं बघत बसली होती. मी तिच्याकडं बघत नव्हते.

"घरी पाहुणे आल्यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

मी थांबले. म्हटलं, "आम्ही तिला आत्याकडं पाठवतो."

"का?"

"लाज वाटते म्हणून."

"कुणाला?"

"मला," मी म्हटलं.

ते लिहीत होते. मी इतकी वर्षं पोरांना निबंधात सांगत आले की मनातलं लिहा. मनातलं काढणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं, आणि ते मला कुणावर परत लादायचं नाही.

बाहेर आल्यावर फाटकाजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी आधी एक घोट घेऊन तिच्याकडं कप दिला. तिनं कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "आई, ते सगळं तुला माहीत हाय?"

"कुठलं?"

"आत सांगितलंस ते."

"माहीत आहे की."

"मला वाटायचं तुला दिसतच न्हाय." चहात बघत बोलत होती. "तू सारखी म्हणायचीस, काय झालंय तुला, ऊठ की. म्हणून मला वाटायचं, हिला दिसत न्हाय. मलाच एकटीला."

सात वर्षं ती त्यात एकटी होती, आणि मी दाराबाहेर वेळापत्रक घेऊन उभी होते. तिनं माझ्या हातातला क्रीमरोल मोडून अर्धा घेतला. मी चाखून दाखवायच्या आतच खाल्ला.

प्रमाणपत्र आलं तेव्हा मिस्टरांनी चष्मा लावून वाचून दाखवलं. साठ टक्के. मित्रा आतून म्हणाली, "फर्स्ट क्लास हाय, आई. पेढे वाट."

मिस्टर हसले. खरंच मोठ्यानं हसले. मग परसात गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

आता

कागद कपाटात आहे. पेन्शनच्या कार्यालयात त्याची नक्कल दिली, तिथल्या साहेबांनी पोच दिली. ज्यांच्या घरी असं कुणी आहे आणि जे नोकरीत आहेत, त्यांनी हा कागद करून घ्यावा. मुलीला न्हाऊ न घालता न्यावं. एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते.

याच कागदावर अशा पेशंटसाठीच्या जवळच्या एका डे-केअर केंद्रात तिला जागा मिळाली. कागदी पिशव्या करतात, दुपारी एकत्र जेवतात. पहिल्या आठवड्यात तिनं तेवीस पिशव्या केल्या. मी त्या मोजल्या, मोजू नये हे कळत असून मोजल्या. अकराव्या दिवशी ती म्हणाली, तिथल्या बाई माझ्याबद्दल बोलतात. त्यानंतर गेली नाही. केंद्रातल्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या. चांगली बाई आहे, पुन्हाही येईल. मित्रा खोलीतून बाहेर आली नाही.

थोरल्याला मी फोन करून सांगितलं की आता तुझे सासरे आले तरी मित्रा घरीच राहील. तो म्हणाला, "मग त्यांना मी हॉटेलात उतरवतो." त्यालाही मीच घडवलंय. कुणाला बोलू?

मिस्टर आता पासष्टीला आले. मला साखर आहे, गुडघे गेलेत. पैशाची सोय झाली, ही लहान गोष्ट नाही, मला तिची किंमत कळते. पण परवा भोंगा वाजला तेव्हा मिस्टर बाजारात होते आणि मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. तासाभरानं घरी आले तर मित्रा उंबऱ्यात उभी होती, भिजल्यासारखी घामानं ओली, दोन्ही हात कानावर.

"आई, मगाशी भोंगा झाला?"

"झाला असेल. मी इथं नव्हते गं."

"म्हंजे तू ऐकलास न्हाय?"

मी घड्याळात बघितलं. वाजायची वेळ होऊन गेली होती. वाजलाच असणार. रोज वाजतो.

"झाला," मी म्हटलं. "खरा होता."

"तू नव्हतीस की इथं," ती म्हणाली. आणि हात कानावरून न काढता आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली.